दिवा जातो तो बॅटरीमुळे नव्हे, चुकलेल्या हिशेबाने

असा प्रसंग तुमच्यापैकी अनेकांवर आला असेल. गाय व्यायला आलेली, रात्रीचे दोन वाजलेले आणि लाइट गेलेली. फवारणी पंपाच्या जुन्या बॅटरीवर तुम्ही गोठ्यात एलईडीचा दिवा बसवलेला. दिवाळीत बसवला तेव्हा लख्ख होता. पुढे त्यातली एक ओळ विझली, मग दुसरी, आणि आज नेमक्या गरजेच्या रात्री सगळा दिवा गप्प. शेवटी एका हातात मोबाइल धरून त्याच्या उजेडात सगळे उरकावे लागते.

सकाळी तुम्ही तपासता. बॅटरी चांगली, वायर शाबूत. दुकानदाराला विचारले तर तो हात झटकतो, ‘स्वस्तातला माल आहे, चालायचंच.’ पण खरे सांगायचे तर बहुतेक वेळा दोष मालाचा नसतो. रुपया-दोन रुपयांचा एक रेझिस्टर चुकीच्या आकड्याचा बसलेला असतो, नाहीतर बसवलेलाच नसतो. हा आकडा कसा काढायचा, हे एकदा नीट समजून घेतले तर तोच दिवा वर्षानुवर्षे चालतो. हिशेब चौथीतल्या पोराला येईल इतका सोपा आहे. फक्त त्यात एक फसगत आहे, आणि ती कोणी सांगत नाही.

एलईडी म्हणजे बल्ब नव्हे

जुना तारेचा बल्ब स्वतःला सांभाळून घ्यायचा. त्याची तार तापली की तिचा विरोध वाढायचा आणि करंट आपोआप आवरला जायचा. एलईडीला हे जमत नाही. त्याचे वागणे शेताच्या बांधासारखे आहे. पाणी बांधाच्या उंचीखाली असेपर्यंत पलीकडे जवळजवळ काही जात नाही. बांधाच्या वर चार बोटे आले की मात्र पाणी बेफाम सुटते. पांढऱ्या एलईडीचा हा बांध साधारण ३.२ व्होल्टचा आणि लाल एलईडीचा साधारण २ व्होल्टचा. त्याच्या वर दाब थोडा जरी वाढला तरी करंट भराभर वाढतो. त्यात एलईडी तापला की बांध आणखी खचतो आणि करंट अजून वाढतो. शेवटी तो स्वतःच्याच तापाने जातो.

म्हणून त्याच्या वाटेवर एक अरुंद तोंड लागते, वाफ्याला पाणी देताना दारे लहान ठेवतो तसे. हे अरुंद तोंड म्हणजे रेझिस्टर. शाळेच्या पुस्तकात त्याला रोध म्हणतात, रेडिओ दुरुस्त करणारे रेझिस्टन्स म्हणतात. किती करंट जाऊ द्यायचा हे ठरवणे एवढेच त्याचे काम. बाजारात मिळणारा पाच मिलिमीटरचा साधा एलईडी २० मिलिअँपिअरपर्यंत करंट सोसतो. आपण १५ ते १८ मध्ये ठेवला तर तो दीर्घकाळ टिकतो, आणि उजेडात डोळ्याला फारसा फरक कळतही नाही.

हिशेब असा करा

समजा तीन पांढरे एलईडी एकामागे एक जोडून एक ओळ केली आणि बॅटरी बारा व्होल्टची आहे. तीन बांधांची उंची झाली ३.२ गुणिले ३, म्हणजे ९.६ व्होल्ट. बॅटरीच्या दाबातून हे वजा करा. जो दाब उरतो तो रेझिस्टरने खायचा असतो. उरलेल्या दाबाला हव्या असलेल्या करंटने भागा, की ओहममध्ये आकडा मिळाला. शाळेत शिकलेला ओहमचा नियम तो हाच.

बारा वजा ९.६, उरले २.४ व्होल्ट. २० मिलिअँपिअर म्हणजे ०.०२ अँपिअर. २.४ भागिले ०.०२, उत्तर १२० ओहम. झाला हिशेब. बहुतेक जण असाच करतात, १२० चा रेझिस्टर लावतात आणि दिवा पहिल्या दिवशी छान लागतो.

आणि इथेच फसगत होते.

बारा व्होल्ट म्हणजे बारा नव्हेत

बॅटरीवर बारा लिहिलेले असले तरी लेड-ॲसिड बॅटरी नेहमी बारावर नसते. भरून बाजूला ठेवलेली असेल तर मीटरवर १२.७ च्या आसपास दाखवते. उतरली की साडेअकरा किंवा त्याखाली येते. आणि चार्जरवर किंवा सोलर पॅनलवर चढत असताना १४.४ पर्यंत जाते. ट्रॅक्टर चालू असतानाही अल्टरनेटर दाब चौदाच्या घरातच ठेवतो.

आता आपल्या १२० ओहमचे काय होते ते पाहा. बॅटरी चार्जिंगला लावली आणि दिवा चालू राहिला. १४.४ वजा ९.६, उरले ४.८ व्होल्ट. ४.८ भागिले १२०, म्हणजे ४० मिलिअँपिअर. सोसण्याची ताकद वीसची आणि जातोय चाळीस! बॅटरीवर दाब वाढला तो जेमतेम पाचवा हिस्सा, पण एलईडीतला करंट थेट दुप्पट झाला. दिवा त्या क्षणी फुटत नाही, उलट जास्तच उजळतो. आपण म्हणतो, ‘काय उजेड आहे!’ रोज दोन-चार तास असे झाले की काही आठवड्यांत, महिन्यांत एकेक ओळ मरते. चूक एका दिवशीची आणि फळ दुसऱ्या दिवशी, म्हणून खरे कारण कोणाच्या लक्षात येत नाही.

ओढ्यावर मोरी बांधताना आपण उन्हाळ्यातले पाणी बघून नळ्या टाकतो का? पुराच्या पाण्याचा अंदाज घेतो. इथेही तसेच करायचे. बॅटरीवर लिहिलेला आकडा धरायचा नाही, ती जास्तीत जास्त जिथवर चढते तो आकडा धरायचा. बारा व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीसाठी तो १४.४.

पुन्हा हिशेब करू. १४.४ वजा ९.६ म्हणजे ४.८ व्होल्ट. भागिले ०.०२, उत्तर २४० ओहम. दुकानात साधारणपणे २२० आणि २७० सहज मिळतात, २४० मिळेलच असे नाही. अशा वेळी नेहमी वरचा आकडा घ्यावा. २७० लावला तर चार्जिंगच्या वेळी करंट १८ च्या आत राहतो. दिवा वाचला.

बॅटरी लिथियमची असेल तर तिचा आकडा वेगळा असतो. चार्जिंग पूर्ण होत आलेले असताना मीटर लावा, दिसेल तो दाब हिशेबात धरा.

तीनची ओळ की दोनची?

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. पुराचा हिशेब धरला की उन्हाळ्यात पाणी कमी पडते. २७० ओहमवर तीनची ओळ चालवली तर साडेबारा व्होल्टला करंट साधारण ११ मिलिअँपिअर राहतो आणि बॅटरी साडेअकरावर उतरली की ७ वर येतो. उजेड मंद होतो.

हे नको असेल तर ओळीत दोनच एलईडी ठेवा. दोघांचे ६.४ व्होल्ट. १४.४ मधून वजा केले की उरले ८ व्होल्ट, भागिले ०.०२, म्हणजे ४००. वरचा मिळणारा आकडा ४७०. आता चार्जिंगला करंट १७, साडेबाराला १३ आणि साडेअकराला जवळपास ११ मिलिअँपिअर. बॅटरी चढो की उतरो, उजेड बराचसा सारखा राहतो. कारण रेझिस्टरच्या वाट्याला जितका जास्त दाब, तितका त्याचा ताबा पक्का.

अर्थात फुकट काहीच नसते. अठरा एलईडींचा दिवा तीन-तीनच्या सहा ओळींत केला तर साडेबारा व्होल्टला एकूण ६५ मिलिअँपिअरच्या आसपास लागतात. तेच अठरा दोन-दोनच्या नऊ ओळींत केले तर ११७ च्या आसपास. पंपाची बॅटरी ८ अँपिअर-तासाची असेल आणि निम्मीच वापरायची ठरवली, तर पहिला दिवा साधारण साठ तास चालेल, दुसरा चौतीस. रात्री सात तास धरले तर एकीकडे आठ रात्री आणि दुसरीकडे जेमतेम पाच. रोज चार्ज करायची सोय असेल तर दोनची ओळ घ्या. मळ्यात लाइटचा भरवसा नसेल तर तीनची. या दिव्यात पोथी वाचता येणार नाही, पण पाय कुठे पडतो ते दिसते. पाण्याची पाळी रात्रीची असेल, मोटार चालू करायला अंधारातून जावे लागत असेल, तर मोटारघराच्या दारात एवढा उजेड विंचू-काट्यापासून वाचवायला पुरेसा आहे.

एका ओळीला एक रेझिस्टर

पुष्कळ जण पैसे वाचवायला सगळे एलईडी शेजारी-शेजारी जोडतात आणि सगळ्यांना मिळून एकच रेझिस्टर लावतात. हे करू नका. एकाच पाकिटातले दोन एलईडी अगदी सारखे कधीच नसतात. एकाचा बांध ३.१ चा, दुसऱ्याचा ३.३ चा. ज्याचा बांध खुजा, त्याच्यावरून जास्त पाणी जाते. तो आधी जातो, मग त्याच्या वाट्याचा करंट बाकीच्यांवर पडतो आणि पुढचा जातो. चार भावांच्या पाटाला चार दारी हवीत, तसा प्रत्येक ओळीला आपापला रेझिस्टर हवा.

‘पण आमच्या टॉर्चमध्ये तर रेझिस्टर नाहीच, तरी ती चालते,’ असे कोणी म्हणेल. खरे आहे. अनेक स्वस्त टॉर्चमध्ये एलईडी थेट बॅटरीला जोडलेले असतात. लहान बॅटरीचा स्वतःचा अंतर्गत विरोध थोडाफार आवर घालतो, म्हणून ती चालते. पण अशा टॉर्चमधले टिपके एकामागून एक विझताना तुम्हीही पाहिले असतील.

वॅट आणि रंगाचे पट्टे

रेझिस्टर जो दाब खातो त्याची उष्णता होते. ती सोसण्याची ताकद म्हणजे वॅट. रेझिस्टरवरचा दाब गुणिले करंट, की वॅट मिळाले. मग त्याच्या दुप्पट ताकदीचा रेझिस्टर घ्यावा. तीनच्या ओळीत ४.८ गुणिले ०.०१८, म्हणजे ०.०९ वॅटच्या आत, तिथे पाव वॅटचा चालतो. दोनच्या ओळीत ८ गुणिले ०.०१७, म्हणजे ०.१४ वॅटच्या आत. त्याची दुप्पट पाव वॅटच्या वर जाते, म्हणून तिथे अर्ध्या वॅटचा मागा.

रेझिस्टरवर आकडा नसतो, रंगीत पट्टे असतात. काळा ०, तपकिरी १, लाल २, नारिंगी ३, पिवळा ४, हिरवा ५, निळा ६, जांभळा ७, करडा ८, पांढरा ९. चार पट्ट्यांच्या रेझिस्टरमध्ये पहिले दोन पट्टे म्हणजे आकडे, तिसरा म्हणजे पुढे किती शून्ये, आणि शेवटचा सोनेरी म्हणजे पाच टक्के इकडे-तिकडे. २७० म्हणजे लाल, जांभळा, तपकिरी. ४७० म्हणजे पिवळा, जांभळा, तपकिरी. तिसरा पट्टा तपकिरीऐवजी नारिंगी आला तर २७० चे २७ हजार होतात आणि दिवा लागल्यासारखाही दिसत नाही. घेताना पट्टे उजेडात पाहून घ्या.

कात्रण करून ठेवा

लेड-ॲसिड बॅटरीसाठी, चार्जिंगचा दाब धरून, साध्या पाच मिलिमीटरच्या एलईडीचे आकडे असे:

१२ व्होल्ट, पांढरे तीन एका ओळीत: २७० ओहम, पाव वॅट
१२ व्होल्ट, पांढरे दोन एका ओळीत: ४७० ओहम, अर्धा वॅट
१२ व्होल्ट, पांढरा एकटा: ६८० ओहम, अर्धा वॅट
१२ व्होल्ट, लाल चार एका ओळीत: ३९० ओहम, पाव वॅट
६ व्होल्ट, पांढरा एकटा: २२० ओहम, पाव वॅट
४ व्होल्ट (टॉर्चची बॅटरी), पांढरा एकटा: १०० ओहम, पाव वॅट

जोडताना एलईडीचा लांब पाय बॅटरीच्या अधिक बाजूकडे. उलटा जोडला तर दिवा लागत नाही. रेझिस्टरला मात्र उलट-सुलट नसते.

बसवून झाल्यावर परीक्षाही घ्या. बॅटरी चार्जिंगला लावा, दिवा चालू ठेवा आणि मीटर रेझिस्टरच्या दोन टोकांना लावा. २७० ओहमवर ५.४ व्होल्टपेक्षा आणि ४७० वर ९.४ पेक्षा जास्त दिसता कामा नये. जास्त दिसले तर करंट वीसच्या वर गेला, आकडा वाढवा.

उसाच्या ट्रॉलीचे लाल दिवे

कारखाने सुरू झाले की रात्री रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला अंधारातली ट्रॉली दिसत नाही आणि घात होतो. ट्रॉलीमागे लाल एलईडी लावणारे अनेक आहेत, चांगली गोष्ट आहे. पण ट्रॅक्टर चालू असताना बॅटरी कायम ‘पुरात’ असते. बारावर हिशेब केलेले दिवे इथे सर्वांत आधी जातात, आणि मागचा दिवा गेलेला ड्रायव्हरला पुढे बसून कळत नाही. म्हणून लाल चारच्या ओळीला ३९० ओहम लावा आणि एकाऐवजी तीन-चार ओळी करा, म्हणजे एक गेली तरी बाकीच्या चालू राहतील. रेडियमची पट्टी मात्र काढू नका. दिवा तिच्या जोडीला आहे, तिच्या बदल्यात नव्हे.

तयार पट्टी आणि एक वॅटचे एलईडी

बारा व्होल्टची चिकटपट्टीसारखी एलईडी पट्टी मिळते. तिच्यात दर तीन टिपक्यांमागे बारीक रेझिस्टर आधीच बसवलेला असतो, बऱ्याचदा त्यावर १५१ असे लिहिलेले दिसते. म्हणजे पंधरा आणि पुढे एक शून्य, १५० ओहम. हा हिशेब बारा व्होल्टचा आहे. १४.४ वर या पट्टीतही करंट दुपटीच्या घरात जातो. ती बॅटरी चार्ज होत असताना बंद ठेवावी.

एक वॅटच्या एलईडीला ३५० मिलिअँपिअर लागतात. तिथे अर्ध्या वॅटचा रेझिस्टर जळून जाईल. तीनच्या ओळीला १५ ओहमचा, पाच वॅटचा पांढरा सिमेंटचा रेझिस्टर लागतो, आणि एलईडी ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर बसवावे लागतात. एक-दोन ओळींपुरते हे ठीक. त्याहून मोठा दिवा हवा असेल तर रेझिस्टरचा नाद सोडा आणि ड्रायव्हर घ्या. ड्रायव्हर दाब बदलला तरी करंट सारखा ठेवतो, तोही फारसा ताप न करता.

सरपंच आणि ग्रामसेवकांसाठी

गावच्या रस्त्यावरच्या एलईडी दिव्यांतही हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर असतो. दिव्याच्या आत ड्रायव्हर असतो. खेड्यात दाब दिवसा एक, रात्री एक. म्हणून दरपत्रक मागवताना वॅट आणि किंमत एवढेच पाहू नका. ड्रायव्हर किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत चालतो, हमी एलईडीबरोबर ड्रायव्हरलाही आहे का, आणि तो वेगळा बदलून मिळतो का, हे लेखी घ्या. दिवा बंद पडला की अनेकदा एलईडी धडधाकट असतात, ड्रायव्हर गेलेला असतो. तेवढाच बदलला तर पूर्ण दिव्याचा खर्च वाचतो. पण ड्रायव्हर काढून थेट जोडणी करून देणारा कोणी भेटला तर त्याला खांबावर चढू देऊ नका. तो दिवा चार दिवस लागेल आणि पाचव्या दिवशी दुरुस्तीच्या पलीकडे जाईल.

दोन गोष्टींचे भान

पहिली, घरातल्या २३० व्होल्टच्या लाइनवर यातले काहीही करू नका. तिथे फक्त २० मिलिअँपिअर आवरायलाही रेझिस्टरला साडेचार वॅटच्या आसपास उष्णता सोसावी लागते, आणि उघड्या टोकाला हात लागला तर जिवाशी गाठ. सोलर पॅनललाही एलईडी थेट जोडू नये. बारा व्होल्टच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या पॅनलच्या मोकळ्या टोकांवर कडक उन्हात २१-२२ व्होल्ट असतात.

दुसरी, बॅटरीच्या अधिक टोकाजवळ एक अँपिअरचा फ्यूज टाकल्याशिवाय वायर गोठ्यात नेऊ नका. रेझिस्टर एलईडीला वाचवतो, वायरला नाही. उंदराने वायर कुरतडली आणि दोन तारा चिकटल्या तर लहानशी बॅटरीसुद्धा तार लाल करते, आणि वर कडब्याची गंजी असते. आगीला तेवढे पुरते.

तेव्हा या आठवड्यात एक काम करा. गोठ्यातला, मोटारघरातला, ट्रॉलीमागचा दिवा खाली उतरवा, रेझिस्टरचे पट्टे वाचा आणि १४.४ धरून हिशेब ताडून पाहा. आकडा कमी निघाला तर गावच्या रेडिओ-मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून रुपया-दोन रुपयांत बदलून घ्या. पुढच्या वेळी गाय रात्री दोनला व्यायली तर दोन्ही हात वासरासाठी मोकळे राहतील.